स्पिंडल सुरू केला की लिमिट अलार्म: सीएनसी बांधताना इलेक्ट्रिकल नॉइज कसा शोधावा आणि रोखावा

सीएनसी मशीनच्या तक्रारी साधारण अशा असतात. स्पिंडल (टूल फिरवणारी मोटर) सुरू होताच लिमिट स्विचचा, म्हणजे ॲक्सिस हद्दीपर्यंत पोचल्याचं सांगणाऱ्या स्विचचा, अलार्म येतो, पण एकही ॲक्सिस स्विचच्या जवळपास नसतो. काम अर्ध्यावर असताना यूएसबी कनेक्शन तुटतं. लांबलचक प्रोग्राम संपल्यावर शून्यावर परत आलं तर एक्स थोडा सरकलेला असतो. प्रोब (टूल टेकलं हे ओळखणारा सेन्सर) मधेच लागल्याचं दाखवतो. मशीन नुसतं हलवलं तर सगळं सुरळीत चालतं आणि व्हीएफडी (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) चालू केला की बिघडतं.

अशा वेळी बहुतेक जण फेराइट रिंगा, कपॅसिटर आणि शील्डेड (धातूच्या आवरणाची) केबल मागवतात आणि दिसेल तिथे लावत सुटतात. कधी बरं वाटतं, पण आठवड्याभरात तोच अलार्म परत येतो. एका वेळी चार बदल केले असतील तर कशाने फरक पडला हेही कळत नाही. म्हणून आधी निदान, मग उपाय, आणि तोही एका वेळी एकच.

हा नॉइजच आहे का?

नॉइज म्हणजे तारांत शिरणारे नको असलेले विद्युत सिग्नल. त्याच्या नावावर खपणाऱ्या निम्म्या तक्रारी वेगळ्याच कारणाच्या निघतात. चुकीची मापं आणि चूक घडण्याची वेळ यांवरून त्या ओळखता येतात.

समजा स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर) फेऱ्याला २०० स्टेपचा आहे, ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर आहे, म्हणजे एका स्टेपचे ८ भाग करतो, आणि बॉलस्क्रूचा लीड, म्हणजे एका फेऱ्यातलं सरकणं, ५ मिलिमीटर आहे. म्हणजे एका फेऱ्याला १६०० पल्स, मिलिमीटरला ३२०. मोटरवर ताकदीबाहेर भार आला की ती चार पूर्ण स्टेपच्या पटीत घसरते. इथे ते अंतर बरोबर ०.१ मिलिमीटर येतं. चूक नेहमी ०.१, ०.२, ०.५ अशीच दिसत असेल तर भार, वेग किंवा ॲक्सिलरेशन तपासा, वायरिंगला हात लावू नका. नॉइजमुळे आलेली चूक असा हिशेब पाळत नाही, ती कितीही मायक्रोस्टेपची असू शकते.

दुसरी गल्लत दिशेच्या सिग्नलची. डिरेक्शन सिग्नल बदलल्यावर ड्रायव्हरला काही मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात स्टेप पल्स आली तर ती चुकीच्या दिशेला मोजली जाते. स्टेपची ॲक्टिव्ह कड उलटी सेट केली असेल तरी हेच होतं. ओळखण्यासाठी स्पिंडल आणि व्हीएफडी पूर्ण बंद ठेवून एक्स ॲक्सिस १० मिलिमीटर पुढे-मागे ५०० वेळा चालवा आणि डायल इंडिकेटर लावून पाहा. दर फेरीत एका पल्सची चूक राहत असेल तर शेवटी सुमारे दीड मिलिमीटरचा फरक दिसेल. व्हीएफडीच बंद असताना ॲक्सिस सरकला, तर टायमिंग किंवा पोलॅरिटी बदला. इंडिकेटर जागेवर परतला तर पुढे चला.

तिसरं कारण केबल चेनमधली तुटकी तार. साध्या वायरचे धागे सतत वाकून आतल्या आत तुटतात आणि इन्सुलेशन मात्र शाबूत राहतं. अलार्म नेहमी ॲक्सिसच्या ठराविक जागीच येत असेल तर संशय इथेच घ्या. मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून ॲक्सिस हाताने हळूहळू सरकवला की बीप तुटतो.

चूक कोणत्या क्षणी घडते ते शोधा

आता मशीन टप्प्याटप्प्याने जिवंत करा आणि प्रत्येक टप्प्यावर इनपुटची स्थिती पाहत राहा. पहिला टप्पा: कंट्रोलर आणि ड्रायव्हर चालू, व्हीएफडीचा मेन्स बंद. दुसरा: व्हीएफडीला वीज आहे, पण रन दिलेला नाही. तिसरा: व्हीएफडी रनवर, पण मोटरची केबल त्याच्या टर्मिनलवरून काढलेली. काही व्हीएफडी अशा वेळी आउटपुट फेज नसल्याचा फॉल्ट देतात. तसं झालं तर हा टप्पा सोडा. चौथा: मोटर जोडून, हवेत, कटिंगशिवाय. पाचवा: प्रत्यक्ष कटिंग.

केबल काढण्यापूर्वी मेन्स बंद करून व्हीएफडीच्या माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबा, साधारण ५ ते १० मिनिटं, आणि डीसी बसवरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि डिस्प्ले विझला म्हणजे तो उतरला असं होत नाही.

तिसऱ्या टप्प्यात ठीक आणि चौथ्यात बिघाड झाला, तर दोष मोटरच्या केबलमध्ये, तिच्या शील्डमध्ये किंवा स्पिंडलच्या अर्थिंगमध्ये आहे. फक्त सुरू-बंद होण्याच्या क्षणी अलार्म आला तर एखाद्या रिलेची किंवा कॉन्टॅक्टरची कॉइल पाहा. हवेत तासभर ठीक चालतं आणि कटिंग करताना, तेही धूळ ओढणारा पाइप लावल्यावरच बिघडतं, तर स्थिर विद्युत. या तिन्ही ठिकाणचे उपाय वेगळे आहेत.

करंट परत कुठून जातो?

इथे थोडं थांबणं गरजेचं आहे, कारण हे कळलं की पुढच्या सगळ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

२३० व्होल्टवर चालणाऱ्या व्हीएफडीत डीसी बस सुमारे ३२५ व्होल्टची असते. आतले आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) हे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि प्रत्येक कड साधारण १०० नॅनोसेकंदात चढते. मोटरच्या केबलची आणि वाइंडिंगची अर्थशी थोडीफार कपॅसिटन्स असतेच. ती १ नॅनोफॅरड धरली तरी त्या कडेच्या वेळी ३ अँपिअरहून जास्त करंट अर्थकडे उसळतो. काळ अगदी छोटा, पण दर कडेला, पुन्हापुन्हा.

हा करंट जमिनीत जाऊन नाहीसा होत नाही. त्याला व्हीएफडीच्या डीसी बसकडे परतायचं असतं. मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना नीट जोडली असेल तर तो तिच्यातूनच, गेला त्या वाटेला बिलगून परततो. ती वाट नसेल तर तो गँट्रीमधून (स्पिंडल वाहून नेणाऱ्या सरकत्या चौकटीतून), लिमिट स्विचच्या केबलमधून, कंट्रोलरच्या झिरो व्होल्टमधून आणि यूएसबीमार्गे संगणकाच्या अर्थमधून परततो. पाणी उताराने जातं तसा करंट कमी अडथळ्याच्या वाटेने जातो, आणि ती वाट बांधून देणं आपल्या हातात असतं. फिल्टर आणि फेराइट ही त्यानंतरची गोष्ट.

स्पिंडलची केबल

माझ्या मते एकूण वेळातला अर्धा वेळ या एका केबलला द्यावा. चार तारांची, विणलेल्या शील्डची केबल घ्या: यू, व्ही, डब्ल्यू आणि अर्थ. नुसत्या फॉइलची शील्ड इथे पुरत नाही. व्हीएफडीच्या बाजूला केबलचं बाहेरचं आवरण सोलून शील्ड उघडी करा आणि धातूच्या क्लॅम्पने ती बॅकप्लेटवर चारही बाजूंनी दाबून बसवा. शील्डचे धागे पिळून, शेपटी करून, लग लावून स्क्रूखाली घेण्याची पद्धत फार रूढ आहे आणि तिथेच शील्डचा बराचसा उपयोग संपतो. १० सेंटिमीटरच्या तारेचं इंडक्टन्स सुमारे १०० नॅनोहेन्री येतं. १० मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ६ ओहमच्या पुढे जातो. मल्टिमीटर मात्र ते शून्य ओहमच दाखवतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं सापडत नाही.

स्पिंडलच्या बाजूला शील्ड धातूच्या कनेक्टरच्या कवचाला लावा. आता एक गोष्ट न चुकता तपासा: कनेक्टरची चौथी पिन आणि स्पिंडलचं धातूचं अंग यांच्यात कंटिन्युटी आहे का? अनेक स्वस्त स्पिंडलमध्ये ही पिन आत कुठेच जोडलेली नसते. केबल उत्तम, अर्थ उत्तम, आणि स्पिंडल मात्र अधांतरी. मल्टिमीटरवर १ ओहमपेक्षा कमी यायला हवं. येत नसेल तर वरचं झाकण उघडून पिनपासून अंगाच्या स्क्रूपर्यंत तार टाका. हा केवळ नॉइजचा प्रश्न नाही. वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं तर त्याच अंगाला तुमचा हात लागणार आहे.

व्हीएफडीच्या इनपुटला मेन्स फिल्टर लावायचा तर तो व्हीएफडीला चिकटून, रंग नसलेल्या बॅकप्लेटवर धातूला धातू लागेल असा बसवा. फिल्टरमध्ये येणारी आणि फिल्टरमधून निघणारी तार एकाच डक्टमधून नेऊ नका, नाहीतर नॉइज फिल्टरला वळसा घालून जातो. हाच फिल्टर आउटपुटला कधीच लावायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमुळे आयजीबीटी जळतात. फिल्टरचा थोडा करंट अर्थकडे गळतोच, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (अर्थकडे गळती होताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होऊ लागला तर आरसीडी काढून टाकू नका. एक फेज इनपुटच्या व्हीएफडीसाठी टाइप एफ आणि तीन फेजसाठी टाइप बी जातीचा आरसीडी असतो.

आउटपुटला फेराइट किंवा नॅनोक्रिस्टलाइन रिंग लावायची असेल तर यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही तारा एकत्र धरून तिच्यातून ३-४ वेढे घ्या. अर्थची तार आणि शील्ड रिंगच्या बाहेरून जाऊ द्या. तिलाही आतून नेलं तर परतीचा करंट जाण्याच्या करंटला खोडून काढतो आणि रिंग असून नसल्यासारखी होते.

व्हीएफडीची कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे आयजीबीटी चालू-बंद होण्याची वारंवारिता, १६ किलोहर्ट्झवर असेल तर ८ वर आणा. कडा तेवढ्याच तीव्र राहतात, पण त्यांची संख्या निम्मी होते. दोन पोलचा स्पिंडल २४,००० आरपीएमला ४०० हर्ट्झवर चालतो, तेव्हा अशा स्पिंडलला कॅरिअर ८ किलोहर्ट्झहून फार खाली ओढू नका, मोटर गरम होईल.

पॅनेलमधली अर्थिंग

एकच जाड तांब्याची अर्थबार. तिच्याकडे मेन्सचा अर्थ, बॅकप्लेट, मशीनची फ्रेम, व्हीएफडी, पॉवर सप्लायची अंगं आणि स्टेपर केबलच्या शील्ड, प्रत्येकाची स्वतंत्र तार. एका उपकरणावरून दुसऱ्यावर अशी अर्थची साखळी करू नका. गँट्री लिनिअर बेअरिंगवर चालते आणि बेअरिंगमधल्या वंगणाच्या थरावर अर्थिंगसाठी विसंबता येत नाही. म्हणून गँट्रीला आणि झेड कॅरेजला केबल चेनमधून वेगळी लवचिक अर्थ वायर न्या. जिथे लग बसवाल तिथला रंग किंवा ॲनोडायझिंग खरवडून काढा. ॲल्युमिनिअम प्रोफाइलवरचा ॲनोडायझिंगचा थर चांगलाच इन्सुलेटर असतो, आणि नुसते बोल्ट आवळून जोडलेल्या फ्रेममध्ये काही तुकडे अर्थपासून सुटे राहिलेले हमखास सापडतात.

२४ व्होल्ट सप्लायचा झिरो अर्थबारला एकाच ठिकाणी जोडा. स्टेपर ड्रायव्हरना सप्लायपासून प्रत्येकी स्वतंत्र जोडी द्या. मोटरच्या करंटची परतीची तार आणि कंट्रोलरची झिरो तार एकच असली की मोटर प्रत्येक वेळी करंट घेताना कंट्रोलरचा झिरो हलतो.

व्हीएफडी आणि त्याच्या केबल पॅनेलच्या एका बाजूला, कंट्रोलर दुसऱ्या बाजूला. सिग्नलच्या तारा पॉवरच्या तारांपासून निदान २० सेंटिमीटर दूर, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात. जागा पुरत नसेल तर व्हीएफडीसाठी वेगळा धातूचा डबा करा. बांधणीच्या वेळी हे करायला एक दुपार लागते. सगळं आवळून झाल्यावर करायचं म्हटलं तर पूर्ण पॅनेल सोडवावं लागतं.

लिमिट, होम आणि प्रोबचे इनपुट

कंट्रोलरच्या चिपमधला अंतर्गत पुल-अप (इनपुटला सप्लायच्या व्होल्टेजकडे खेचून ठेवणारा रेझिस्टर) बहुधा २० ते ५० किलोओहमचा असतो. म्हणजे ५ व्होल्टला त्या तारेतून जेमतेम ०.१ ते ०.२५ मिलिअँपिअर वाहतो. दोन मीटर लांबीच्या अशा तारेवर स्पिंडलची केबल शेजारून गेली तरी खोटा सिग्नल उमटतो.

सर्वांत भरवशाची जोडणी २४ व्होल्ट आणि ऑप्टोकपलरची (तारेऐवजी प्रकाशाने सिग्नल पुढे देणाऱ्या चिपची). २.२ किलोओहमचा रेझिस्टर घेतला तर पीसी८१७ सारख्या ऑप्टोच्या एलईडीतून सुमारे १० मिलिअँपिअर वाहतात. रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घ्या, पाव वॉटचा तापेल. एलईडीला उलटा १एन४१४८ डायोड लावून ठेवा. आता ज्यामुळे हा सगळा खर्च वाया जातो ते: बोर्डवर जागा वाचवायला २४ व्होल्टचा झिरो आणि ५ व्होल्टचा झिरो ऑप्टोच्या शेजारीच जंपरने जोडलेले असतात. तसं असेल तर तिथे आयसोलेशन उरतच नाही.

बोर्ड बदलणं शक्य नसेल तर ५ व्होल्टवरच बाहेरून १ किलोओहमचा पुल-अप आणि पिनजवळ पिन ते झिरो १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. करंट ५ मिलिअँपिअर होतो आणि वेळेचा स्थिरांक ०.१ मिलिसेकंद. या विलंबाने होमिंग (स्विचच्या आधारे ॲक्सिसची शून्य जागा शोधणं) बिघडेल ही भीती अनाठायी आहे. सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने होमिंग केलं तरी तेवढ्या वेळात ॲक्सिस अडीच मायक्रॉन सरकतो.

स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने जोडा. एरवी सर्किट बंद राहतं, तार कमी अडथळ्याने झिरोला बांधलेली असते आणि तिच्यावर नॉइज सहज उमटत नाही. शिवाय तार तुटली तर मशीन थांबतं. नॉर्मली ओपन स्विचची तार तुटली तर ते टक्कर झाल्यावरच कळतं.

प्रत्येक स्विचला ट्विस्टेड पेअर, म्हणजे सिग्नल आणि त्याचा परतीचा झिरो एकमेकांवर पिळलेला. परतीसाठी मशीनची फ्रेम वापरू नका. शील्ड असेल तर ती कंट्रोलरच्या बाजूला अर्थबारला जोडा आणि स्विचच्या टोकाला कापून टेप लावा. मोटर केबलची शील्ड दोन्ही टोकांना आणि स्विचची एकाच, यात विसंगती नाही. पहिलीतून उच्च वारंवारितेचा करंट परत न्यायचा असतो. दुसरीतून दोन टोकांच्या अर्थमधल्या फरकामुळे कोणताही करंट वाहायला नको असतो. एन्कोडर (मोटरची स्थिती मोजणारा सेन्सर) केबलच्या बाबतीत सर्व्हो उत्पादकाची सूचना पाळा. तिथे बहुधा दोन्ही बाजूंना कनेक्टरच्या कवचावर शील्ड लागते.

स्टेप आणि डिरेक्शन

हे सिग्नल इतके जलद असतात की त्यांवर मोठा कपॅसिटर टाकता येत नाही. म्हणून तारा आखूड ठेवा आणि करंट पुरेसा ठेवा. ५ व्होल्टसाठी बनवलेल्या ड्रायव्हरच्या ऑप्टोला ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरने थेट चालवलं तर एलईडी काठावर पेटतो आणि पल्स गळतात. मध्ये ७४एचसीटी२४५ बफर घालून पूर्ण ५ व्होल्ट द्या. प्रत्येक सिग्नलला स्वतःची परतीची तार पिळून द्या. अंतर अर्ध्या मीटरच्या वर गेलं तर २६एलएस३१ सारखा डिफरन्शियल लाइन ड्रायव्हर वापरा.

स्पिंडलच्या वेगाची ०-१० व्होल्टची तार ही एक छुपी वाट आहे. तिचा कॉमन कंट्रोलरच्या झिरोला जोडला की व्हीएफडीच्या आतला गोंधळ थेट कंट्रोलरमध्ये येतो. आयसोलेटेड पीडब्ल्यूएम ते ०-१० व्होल्ट मॉड्यूल घ्या किंवा आयसोलेटेड आरएस-४८५ वरून मॉडबसने वेग द्या, लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहम लावून. शंका असेल तर ही तार काढून, वेग व्हीएफडीच्या पॅनेलवरून देऊन पाहा. अलार्म थांबला तर उत्तर मिळालं.

कॉइल, यूएसबी, धूळ

डीसी रिले, सोलेनॉइड आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर उलटा १एन४००७, कॉइलच्याच टर्मिनलवर, पॅनेलच्या दुसऱ्या टोकाला नाही. डायोडमुळे रिले थोडा उशिरा सुटतो, हे ब्रेकच्या कॉइलसाठी लक्षात ठेवा. एसी कॉइलवर डायोड चालत नाही. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर लावा, कपॅसिटर एक्स२ वर्गाचा.

यूएसबीचा झिरो संगणकाच्या अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे मशीनचा आणि संगणकाचा अर्थ मिळून मोठा लूप तयार होतो. दोन्ही एकाच सॉकेटवरून चालवा, केबल दीड-दोन मीटरच्या आत ठेवा, तरी तुटत असेल तर एडीयूएम४१६० वर आधारित यूएसबी आयसोलेटर लावा. नवं बांधत असाल तर सरळ इथरनेटचा कंट्रोलर घ्या. त्याच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मरचं आयसोलेशन असतंच.

प्लास्टिकच्या पाइपमधून एमडीएफचा किंवा ॲक्रिलिकचा भुसा वेगाने जातो तेव्हा पाइपवर हजारो व्होल्टचा स्थिर भार साठतो आणि तो जवळच्या केबलवर उडी मारतो. कोरड्या हवेत हे जास्त होतं. कंडक्टिव्ह पाइप लावून त्याचा धागा अर्थबारला जोडा. साध्या पाइपमध्ये उघडी तांब्याची तार टाकून ती अर्थ केल्यानेही फरक पडतो, पण कमी.

हे करू नका

लूप तोडण्यासाठी मेन्सच्या प्लगमधली अर्थ पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. अलार्म जाईलही, पण मशीनच्या अंगावर वीज उतरली तर फ्यूज उडणार नाही. सॉफ्टवेअरमधला डिबाउन्स (क्षणभराच्या सिग्नलकडे दुर्लक्ष करणं) लिमिटसाठी शेवटचा थर म्हणून ठीक आहे. स्टेप आणि एन्कोडरला त्याचा उपयोग नाही. इमर्जन्सी स्टॉप सॉफ्टवेअरवर टाकू नका, त्याने कॉन्टॅक्टर थेट सुटला पाहिजे.

ऑसिलोस्कोपने पाहायचं असेल तर आधी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला जोडून मशीनजवळ धरा. स्क्रीनवर काटे दिसले तर ते क्लिपच्या लांब तारेने पकडलेले आहेत, तुमच्या सर्किटमधले नाहीत. क्लिप काढून आखूड स्प्रिंग लावा. व्हीएफडीच्या आउटपुटवर साधा प्रोब लावू नका, त्याचं ग्राउंड थेट अर्थला जोडलेलं असतं. तिथे डिफरन्शियल प्रोबच हवा.

काम झालं की परीक्षा अशी घ्या: पूर्ण वेगाने स्पिंडल, धूळ ओढणारं यंत्र चालू, कूलंटचा पंप दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद, आणि तिन्ही ॲक्सिस तासभर हवेत फिरवणारा प्रोग्राम. सुरुवातीला आणि शेवटी डायल इंडिकेटरचं वाचन घ्या. वाचन जुळलं आणि एकही अलार्म आला नाही, तर सॉफ्टवेअरचा डिबाउन्स शून्यावर आणून तीच परीक्षा पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा अलार्म आला तर ज्या इनपुटवर आला त्याच्या तारेपासून शोध परत सुरू करा.